मोकळी मान

तिने एक तळवा लेकीच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिची हनुवटी हळूहळू उजवीकडे वळवली. पाच महिन्यांची पोर किंचाळली.

“अगं, धुणं पिळतेयस का?” सासूबाई दारातून म्हणाल्या.

“ताणायलाच सांगितलंय, आई.”

“माझा मान ठेवला नाहीस तो नाहीस, पोरीची मान तरी ठेव.”

ती ताणत राहिली. थेरपिस्टने स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवून तिला समजावलं होतं: कानामागच्या हाडापासून गळ्याच्या हाडापर्यंत तिरका जाणारा स्नायू, तो लेकीचा उजवीकडे जन्मापासून आखूड. आत चिवट धाग्यांची गाठ. म्हणून डोकं उजव्या खांद्यावर कललेलं आणि तोंड कायम डावीकडे. रोज ताणलं नाही, तर चेहराही वाकडा वाढेल.

हे शेवटचं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. नवऱ्याने एकदा करून पाहिलं, पण पोर रडली की त्याचा हात ढिला पडायचा. तेव्हापासून तिने व्यायामाला दुसऱ्या कुणालाच हात लावू दिला नाही. ती नेहमी उजवीकडे बसायची, जिथून लेकीचा फक्त कान दिसायचा. “इकडे बघ, माझ्याकडे बघ,” म्हणत ताणायची. मान सुटली की लेक आपसूक आपल्याकडे वळेल, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. व्यायाम संपला की सासूबाई रडणारं बाळ उचलून न्यायच्या.

दोन महिन्यांनी थेरपिस्टने लेकीला तपासणीच्या टेबलावर निजवून तिच्या गळ्यावरून अंगठा फिरवला.

“गाठ गेली की! तुमच्या हाताला यश आलं. आता उजवीकडून हाक मारा, तिची ती वळते का बघू.”

ती उजवीकडे वाकली. खुळखुळा वाजवला.

“चिमणे, इकडे बघ. माझ्याकडे बघ.”

लेकीचे चाळे थांबले. मुठी आवळल्या, खांदे कानाशी गेले. तोंड डावीकडेच राहिलं.

थेरपिस्टने पुन्हा चाचपलं. “अडत तर कुठेच नाही. आजी, तुम्ही या बरं त्या बाजूला.”

सासूबाई आल्या आणि नुसत्या खाकरल्या. लेकीने मान वळवली, पार उजवीकडे, सरळ, आणि बोळकं पसरून हसली.

“बघा, कशी मोकळी झालीय!” थेरपिस्ट म्हणाली. “आता व्यायाम बंद केलात तरी चालेल.”

खुळखुळा हातातच धरून ती टेबलाला वळसा घालून लेकीच्या डावीकडे गेली. इतके महिने लेकीचं तोंड याच बाजूला असायचं. तिने हलकेच हाक मारली. लेक आजीकडेच बघत राहिली.

“दमली असेल गं,” सासूबाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी सुनेकडे बघायचंही टाळलं.

तिने खुळखुळा पिशवीत ठेवला, वाजणार नाही अशा बेताने.