उलटा टाकलेला फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे, मित्रांनो, आणि ज्यांनी मला छापून घेतले त्यांच्याबद्दल माझे मत काही चांगले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म अमळनेरच्या एका दुकानात झाला. ‘महिला व बालक हिंसाचारमुक्त गाव’ असे माझ्या कपाळावर छापले. खाली साहेबांचा भला मोठा चेहरा, शेजारी गावपुढारी तोतारामभाऊ हात जोडून. आणि सरकारचा मदतीचा नंबर? तो तळाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढा! पैसा नंबरासाठी आला आणि मिरवली थोबाडे. वा रे वा!

कार्यक्रम झोकात झाला. तोतारामने “बाई म्हंजे घरनी लक्ष्मी” म्हणत भाषण ठोकले. मीही भोळा, छाती फुगवून फडफडलो. संध्याकाळी त्यानेच माझ्या दोऱ्या सोडून मला घरी नेले आणि अंगणातल्या बकऱ्यांच्या बुटक्या गोठ्यावर टाकायला काढले. गडी मला सरळ टाकत होता, तर हा ओरडला, “अरे, साहेबना तोंडवर कावळा बसतीन! उलटा टाक!” काय ती निष्ठा! माझी छापील बाजू आत गेली.

मग मला खरे घर दिसले. चहा थंड झाला म्हणून हा माणूस बायकोला, ज्योतीला, मारायचा. मध्ये आली म्हणून चिमुरड्या डिंपललाही. मग दोघींना गोठ्यात कोंडून कडी लावायचा आणि पारावर जाऊन लोकांची भांडणे मिटवायचा. लाज म्हणून नाही मेल्याला.

एके दुपारी त्याने डिंपलचा हात पिरगाळला. पोर कळवळत होती, तरी कडी लावून तो गेला. तिला मांडीवर घेऊन ज्योतीने वर पाहिले आणि कोपऱ्यातला नंबर वाचला. शेजारची कुंदाबाई कापूस वेचून येत होती. ज्योती फटीतून ओरडली, “अक्का, फोन लाव व माय! एक आठ एक! मनी पोरना हात मोडना!”

कुंदाबाईने कडी काढली आणि तिथेच उभे राहून फोन लावला. जीप आली, पोलीस आले, संरक्षण अधिकारी बाई आल्या. म्हणजे काम करणारी माणसे होती की हो! आमच्या पुढाऱ्यांनी त्यांना कोपऱ्यात ढकलले होते, एवढेच.

पारावरून धावत आलेला तोताराम म्हणतो कसा, “मॅडम, हिंसाचारमुक्तीना बठ्ठा कार्यक्रम मीच करेल शे!” बठ्ठा म्हणजे सगळा, बरं का!

हवालदार पुटपुटला, “घरातलं भांडण आहे ताई, घ्या मिटवून.”

ज्योती डिंपलला उचलून म्हणाली, “आजलोंग कोनी इचारं तं मी पडनू, पडनू असंच सांगं. आते नही. यानी मारं.” अधिकारी बाईंनी हवालदाराला गप्प केले आणि दोघींना जीपमध्ये बसवले.

महिन्याभराने पुढाऱ्यांनी नवा फ्लेक्स छापला, साहेबांचा चेहरा आणखी मोठा. ‘धाडसी महिला’ म्हणून सत्काराला ज्योतीला बोलावणे गेले. ती धुळ्याला माहेरी, डिंपलचे प्लास्टर काढायच्या गडबडीत. तिने निरोप धाडला, “माले येळ नही.” शाबास!

मित्रांनो, माझी काळजी करू नका, मी फाटलो तर फाटू द्या. फक्त शेजारच्या घरातून पोराचे रडणे ऐकू आले, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका.