गुन्हाविरहित दिवस

श्यामकांतांनी नैरोबी शहर नापास केलं ते रविवारी सकाळी, पोहे खाता खाता. ते शहर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत तेहतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली की कुठल्याही जागेकडे बघून मान हलवायचा अधिकार आपोआप मिळतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. समोर नेटवरून काढलेली सात पानं पडली होती, लाल पेनने रंगवलेली.

"भरदिवसा लुटतात," ते म्हणाले. "सिग्नलला गाडीच्या काचेतून हात घालतात. उमा, हे आधी वाच आणि मग बोल."

उमाने पानांना हात लावला नाही. तिला जायचं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी सई तिकडे सातव्या महिन्यात होती, आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केल्यामुळे बाळंतपणाला माहेरी येणं शक्य नव्हतं. जावई यज्ञेश दिवसभर ऑफिसात. म्हणजे आईनेच तिकडे जायचं आणि तीन महिने राहायचं, हे दुसऱ्या कुठल्याही घरात चहा निवायच्या आत ठरलं असतं. या घरात तीन आठवडे झाले तरी 'रिस्क असेसमेंट' चालूच होतं.

तिला भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. परका देश, परकी भाषा, कोणत्या रस्त्याने जावं आणि कोणत्या नाही हे कुणाला विचारायचं? तिलाही तिथला धोका नीट तोलून बघायचा होता. पण नवऱ्याच्या तराजूला पारडं एकच होतं. दुसऱ्या पारड्यात त्यांनी काही ठेवायचंच म्हटलं तर पालेगावातला त्यांचा राहता चौदा मजली टॉवर ठेवावा लागला असता, आणि टॉवरचा हिशेब गेटवरच्या बोर्डाने कधीच मिटवून टाकला होता.

तो बोर्ड ही श्यामकांतांची करणी. कंपनीच्या गेटवर 'अपघातविरहित दिवस' असा बोर्ड असायचा. आकडा पुढे सरकत राहावा म्हणून काय काय चालायचं ते उमाला त्यांनीच कौतुकाने सांगितलं होतं. कुणाचा हात मोडला की घरी गाडी पाठवायची, प्लास्टरसकट माणसाला आणून टाइम-ऑफिसात बसवायचं आणि हजेरी लावायची. माणूस कामावर आहे, तर मग अपघात झालाच कुठे! रिटायर झाल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी होताच त्यांनी तसाच बोर्ड इथे लावला, 'गुन्हाविरहित दिवस'. वॉचमन नाथा रोज सकाळी आकडा बदलायचा. आज तिथे ११४६ लागले होते.

चारशे बाराव्या दिवशी उमा संध्याकाळी भाजी घेऊन येत होती. गेट शंभर पावलांवर असताना मागून बाइकवर दोघं आले आणि तिचं मंगळसूत्र ओढून गेले. ती फरफटली, मनगट मोडलं. नाथाने हाक मारल्यावर श्यामकांत धावत खाली आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गेटच्या आत झालं की बाहेर?"

बाहेर, म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती उमा जन्मात विसरणार नव्हती. पोलिसांत जायचं नाही, उगाच टॉवरचं नाव खराब होतं, असं त्यांनी डॉक्टरकडे जाताना रिक्षातच ठरवून टाकलं. उमा जिन्यात घसरली, असं सोसायटीत सांगितलं, फोनवर सईलाही तेच. आणि उमानेही, हात गळ्यात बांधून, सोसायटीच्या हळदीकुंकवाला चार बायकांत बसून हसत सांगितलं, "अहो, घसरले." याची मात्र तिला नवऱ्यापेक्षा स्वतःचीच जास्त चीड होती.

अकरा वाजता सईचा फोन आला. श्यामकांतांनी तो स्पीकरवर टाकला, चष्मा चढवला आणि कागद हातात घेतला.

"सई, तुमच्या गेटवर चोवीस तास गार्ड आहे का?"

"आहे बाबा."

"खिडक्यांना ग्रिल?"

"सगळीकडे. बाबा, इथे एकदम सेफ आहे हो. काही होत नाही इथे. पाठवा ना आईला."

श्यामकांतांनी कागदावर खूण केली. उमाचं कागदाकडे लक्ष नव्हतं. 'काही होत नाही' म्हणताना लेकीने जे हसू आणलं होतं, ते तिच्या चांगलं ओळखीचं होतं. ते हळदीकुंकवातलं हसू होतं.

"सई," ती म्हणाली, "मी जिन्यात घसरले नव्हते."

"उमा!" श्यामकांत फोनकडे झेपावले. तिने फोन उचलून छातीशी धरला आणि बाइक, मंगळसूत्र, रिक्षातलं ठरवणं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"आता तू सांग," उमा म्हणाली.

सई रडायलाच लागली. ऑगस्टमध्ये घर बदललं ते, तिने तेव्हा सांगितलं होतं तसं, मोठं किचन हवं म्हणून नव्हे. आधीच्या घरात दुपारी दोन माणसं भिंत चढून आत आली होती. यज्ञेश ऑफिसात होता. सईने बाथरूमची कडी लावली आणि ती पाऊण तास आत बसून राहिली. लॅपटॉप गेला, तिला धक्काही लागला नाही. पण अजून ती बाथरूमला कडी लावत नाही.

"शेजारची बाई मग आठवडाभर रोज दुपारी येऊन बसायची माझ्याजवळ," ती म्हणाली. "सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, आई. फक्त तुम्हालाच माहीत नाही. बाबांना कळलं असतं तर त्यांनी तुला कधीच पाठवलं नसतं."

"बघ! बघ! मी काय सांगत होतो?" श्यामकांतांनी सात पानांवर थाप मारली. लेक पोटुशी असताना कडी लावून जीव मुठीत धरून बसली होती, आणि बापाला आपलं लाल पेन बरोबर ठरल्याचा आनंद झाला होता. उमाला त्या आनंदाची किळस आली.

"मी येते, बाळा," तिने फोनवर सांगितलं. "आणि मला त्या बाईला भेटायचंय." तिने फोन ठेवला.

"येते म्हणजे? आत्ता कानांनी ऐकलंस ना? धोका आहे, एवढं तरी मान्य कर."

"मान्य आहे. म्हणून तर जायचंय. तिकीट काढा."

तेहतीस वर्षांत धोका मान्य करून पुढे जाणारं माणूस श्यामकांतांना भेटलं नसावं, कारण कंपनीतले सगळे धोका नाकारण्यात गुंतले होते. मग त्यांनी पानं गोळा केली, कडा जुळवल्या आणि आवाज खाली आणला.

"बरं, जा. पण सईच्या घरात चोर शिरले हे खाली कुणाला बोलू नकोस. आणि तुझं ते मंगळसूत्राचंही. लोक उगाच नाही नाही ते विचारतात."

तेवढ्यात बेल वाजली. भांड्यांना येणारी बनूबाई होती, पालेगावातलीच. उमाचा चेहरा बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"काय झाला वो ताई? मना सांगा तरी."

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई वर्तमानपत्र उचलायला वाकल्या होत्या, त्याही तशाच थबकल्या. श्यामकांत घाईघाईने दार लोटायला उठले.

"राहू द्या उघडं," उमा म्हणाली, आणि आवाज चढवून तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.