दादाची भट्टी आणि माझे अणू

मी शहाणी आहे हे दादाला मान्य आहे, फक्त त्याच्या बेकरीबाहेर. आत पाऊल टाकलं की मी नुसती धाकटी. त्या सकाळी तीन टनांची नवी भट्टी दारात ट्रकवर येऊन थांबली होती आणि ती मागच्या भिंतीशीच ठेवायचा त्याचा हट्ट होता. तिथल्या फरशा मला पोकळ वाटत होत्या. खाली जुनं गटार निघालं तर भट्टीसकट दादा आत जाईल, या धास्तीने मी माझ्या प्रयोगशाळेतलं यंत्रच उचलून आणलं.

"पीठ मळायला घातलंय. मिक्सर बंद होणार नाही," त्याने बजावलं.

मिक्सर कसला, दावणीला बांधलेला रेडाच तो. सगळी जमीन हादरत होती.

माझं यंत्र लेसरने गारठवलेले अणू नळीतून खाली सोडतं आणि आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाने त्यांचं पडणं मोजतं. खाली पोकळी असेल तर जमिनीची ओढ केसभर कमी भरते. पण आरसा हलला की अणूच हलले असं यंत्राला वाटतं. म्हणून हादरे टिपणारा सेन्सर मी यंत्राच्या स्टँडला लावला होता. तरी आकडे थयथयाट करत होते.

हे डबडं काय करतं, दादाने गालातल्या गालात हसत विचारलं. तू परातीचं वजन वजा करून पीठ मोजतोस, तसं हे हादरे वजा करतं, मी वैतागून सांगितलं.

"पण घोटाळा आरशाने होतो ना? मग हे स्टँडला कशाला? पीठ ज्या परातीत आहे, तीच वजा करायची ना गं?"

मला भयंकर राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. सेन्सर आरशाच्या पाठीला चिकटवला. मिक्सर धडधडतच होता, पण आकडे मुकाट्याने ताळ्यावर आले. दादाची कॉलर ताठ झाली. मग दोन तास मी यंत्र जागोजागी सरकवत राहिले. मागच्या भिंतीशी ओढ दहा कोटींत पाच भाग कमी भरली.

एवढ्याने काय होतंय, म्हणत दादाने मला खोटं पाडायला स्वतःच पहार उचलली. तिसऱ्या घावाला फरशी फुटली, पहार हातातून निसटली आणि खाली कुठेतरी पाण्यात पडली. दादा पांढराफटक पडला. मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. भांडायला मला हा एकच भाऊ आहे.

ट्रकवाल्याने दारातून विचारलं, भट्टी कुठे उतरवायची?

"माझ्या बहिणीला विचारा," दादा म्हणाला. "तिला कळतं त्यातलं."

मी पुढच्या भिंतीकडे बोट दाखवलं; तिथे ओढ पुरेपूर भरली होती.