स्पॅनिश टाइपरायटरचा सूड

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे, पण माझ्या कळा स्पॅनिश भाषेच्या आहेत. आणि माझ्या मनात एका माणसाबद्दल सूडभावना होती, हे आधीच सांगून टाकतो. लपवाछपवी मला जमत नाही.

माझा जन्म स्पेनमधला. या हातातून त्या हातात फिरत १९९२ साली मी बंगळूरला, येलहंक्याच्या एका कारखान्यात आलो. तिथे बॉयलरचे व्हॉल्व्ह बनत आणि दूर पेरू देशात जात. त्या गिऱ्हाइकांना पत्रे लिहायचे काम उल्काताईंचे. त्या मल्लेश्वरमला राहत. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि माझ्यापुढे बसल्या की स्पॅनिश.

मत किंवा शिफारस लिहिताना त्या फार जपत. एकदा स्टोअरकीपर कल्लाप्पाने विचारले, "अक्का, एका ओळीला एवढा वेळ?"

त्या म्हणाल्या, "डॉक्टर 'ताप उतरला आहे' म्हणाला आणि 'ताप उतरावा' म्हणाला, तर फरक पडतो ना? स्पॅनिशमध्ये तो फरक कधी कधी एकाच अक्षराचा असतो."

माझ्या कळांना तेव्हा मोठा अभिमान वाटला.

दोन वर्षांनी कारखान्याचे तपासणीयंत्र बिघडले आणि व्हॉल्व्ह न तपासताच जहाजावर चढले. उल्काताईंनी पेरूला लिहिले, 'बसवण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्ह तपासलेला असावा, असा आमचा आग्रह आहे.' 'असावा' म्हणजे 'एस्ते'. त्यांनी सही केली आणि त्या जेवायला गेल्या.

तेवढ्यात निर्यातीचे व्यवस्थापक भगवंतराव आले. उल्काताईंच्या शेजारी बसून चार शब्द ते शिकले होते. "तपासून घ्या म्हटले की गिऱ्हाईक बिथरते," असे पुटपुटत त्यांनी त्या 'ए'वर व्हाइटनर फासला, कागद माझ्यात सरकवला आणि माझ्याच कळीने तिथे 'आ' ठोकला. 'एस्ते'चे 'एस्ता' झाले. 'तपासलेला असावा' या आग्रहाची 'तपासलेला आहे' ही ग्वाही झाली. मी अडकून बसायला हवे होते. पण यंत्राला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो.

पेरूच्या लोकांनी पत्रावर विश्वास ठेवून व्हॉल्व्ह तसेच बसवले. पहिल्याच दिवशी एक व्हॉल्व्ह फुटला आणि वाफेने एका कामगाराचा उजवा हात भाजला.

इकडे भगवंतरावांनी मालक शरच्चंद्रांना सांगितले, "भाषांतरात चूक झाली. बाईंना व्याकरण येत नाही." उल्काताई टपाल लावायच्या कामावर गेल्या, मी स्टोअरमध्ये. धुळीत पडून मी एकच गोष्ट घोकत होतो : भगवंतरावांनी भर सभेत खाली मान घालावी, आणि ती मी पाहावी.

तीन महिन्यांनी पेरूहून किस्पे नावाचे अभियंते चौकशीला आले. त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हते, म्हणून उल्काताईंना बोलावणे गेले. उत्तर लेखी हवे होते, म्हणून मलाही.

"स्वल्प थांबा अक्का, धूळ झटकतो," म्हणत कल्लाप्पाने मला मालकांसमोरच्या टेबलावर ठेवले.

भगवंतराव म्हणाले, "उल्काबाई, चूक तुमची आहे. तुमच्याच तोंडाने सांगा त्यांना."

उल्काताईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी शब्दाला शब्द सांगितले, "हे म्हणतात, चूक मी केली."

किस्पेंनी मूळ पत्र त्यांच्यापुढे सरकवले. उल्काताईंनी ते वाचले, बोटाने चाचपले आणि त्या मालकांकडे वळल्या.

"साहेब, मी व्हाइटनर वापरत नाही. चुकले तर पान नव्याने टाइप करते. हा कागद उलटा करून उजेडात धरा."

शरच्चंद्रांनी धरला. मागच्या बाजूला दोन अक्षरांचे ठसे एकमेकांवर बसले होते. माझा 'ए' बुजलेला नव्हता!

"सहीनंतर पत्र तुमच्याकडे होते ना, भगवंतराव?" मालकांनी विचारले.

भगवंतरावांची मान खाली गेली. मी डोळे भरून पाहिली.

उल्काताईंनी सारे स्पॅनिशमध्ये सांगितले. किस्पेंनी त्यांनाच विचारले, "तुमची शिफारस काय?"

मी मनात ओरडत होतो, चिरडा त्याला! उल्काताईंनी कागद चढवला आणि सावकाश टाइप केले : 'भगवंतरावांनी आपण अक्षर बदलल्याचे लिहून द्यावे. खाली स्वतः सही करावी. जखमी कामगाराची माफी मागावी. आणि यापुढे पत्रव्यवहाराला हात लावू नये.' प्रत्येक कळ त्यांनी अशी हाणली की कागदाला भोके पडायची बाकी राहिली. मीही एक अक्षर पुसट उमटू दिले नाही.

भगवंतरावांनी सही केली. उल्काताईंना त्यांची खुर्ची परत मिळाली, मला माझी जागा.

महिनाभराने त्या माफीपत्राची पोच आली. खाली त्या कामगाराची सही होती, डाव्या हाताने केलेली, लहान मुलाने पाटीवर गिरवावी तशी. उल्काताई तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. माझा विजय मला तेव्हा फारच लहान वाटला.

पुढे संगणक आले. आता मी उल्काताईंच्या घरी कपाटावर असतो. मित्रांनो, जुन्या यंत्रांना कधीमधी तेलाचा थेंब द्या. पण त्याहून महत्त्वाचे, दुसऱ्याने सही केलेल्या कागदातले अक्षर त्याला न विचारता बदलू नका. ते वाचून दूर कुठेतरी कोणीतरी वाफेची चावी फिरवणार असते.

भगवंतरावांना क्षमा करावी, असे उल्काताईंचे मत आहे. मी अजून केलेली नाही.