थोरल्याचं नाव

"आधी कुठलं औषध दिलं होतं का?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"कुठलं देणार? थेट तुमच्याकडेच आणलाय त्याला," देलू म्हातारी म्हणाली.

तिची सून रकिया भिंतीकडे तोंड करून बसली होती. खाटेवर तिचा चार वर्षांचा थोरला मुलगा, मान लाकडासारखी ताठ, ताप उतरायचं नाव नाही.

"ही आई आहे ना? मुलाकडे बघतसुद्धा नाही," डॉक्टर वैतागून मला म्हणाले. ते राजधानीतून नवीनच आलेले. मी या वॉर्डातली नर्स, इथल्याच हाउसा जमातीतली. आमच्यात थोरल्या मुलाचं नाव आईने घ्यायचं नसतं, सासूसमोर त्याचे लाड करायचे नसतात, त्याच्याविषयी बोलायचंही नसतं. करणारी बाई निर्लज्ज. माझ्या थोरल्याला मीही 'अरे, ए' म्हणतच वाढवला.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मेंदूज्वर आहे. पाठीतून काढलेल्या पाण्यात पू आहे, पण तपासणीत जंतू वाढून दिसत नाही. अर्धवट औषध पोटात गेलं की असं होतं. जंतू मरत नाही, निर्ढावतो. जोडीला दुसरं औषध द्यावं लागेल, पण ते थोडंच उरलंय. नुसत्या अंदाजावर कसं उघडू?"

मला संशय होता. देलू बाजारात टोपलीतून सुट्या कॅप्सूल विकते, हे कोणाला ठाऊक नाही? ताप येवो, कंबर धरो, हिची एकच लाल-पिवळी. पण घरच्यांनी बोलायला हवं होतं, आणि म्हातारी नमाजालाही खाटेशेजारीच चटई टाकायची.

दुसऱ्या दिवशी मी रकियाच्या कानाशी लागले. "बाई, तोंड उघड."

"इन्ना बसल्यात," तिने डोळ्यांनी सासूकडे खुणावलं. "त्यांच्यासमोर त्याचं कसं बोलू?"

"काय कुजबुज चाललीय?" सासू म्हणाली. रकियाने पदर पुढे ओढला. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली.

दुपारी पोराला झटके आले. डॉक्टर धावत आले, मी त्याला कुशीवर धरलं. रकिया उठली आणि भिंतीकडे बघतच बोलली, "लाल-पिवळी दिली होती. दह्यातल्या बाजरीत फोडून. रोज अर्धी."

म्हातारीचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. "शाब्बास. लाज सोडलीसच, तर आता नावही घे त्याचं."

डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं. हळूहळू ताप उतरला, मान सैल झाली. पोरगं उठून बसायला लागलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

एका सकाळी तो आमच्याकडे पाठ करून बाटलीच्या झाकणाशी खेळत होता. माझ्या हातून पत्र्याचा ट्रे निसटून फरशीवर आदळला. अख्खा वॉर्ड दचकला. तो दचकला नाही. या दुखण्यातून वाचलेल्या कितीतरी पोरांचे कान जातात.

"लावाली," दारातून आजीने हाक मारली. टाळ्या वाजवल्या. "अरे लावाली, इकडे बघ."

तो वळला नाही.

रकिया उठली. सासूसमोर, सगळ्या वॉर्डासमोर तिने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली. "लावाली." मग पुन्हा, मोठ्याने. म्हातारी खाली मान घालून चटईची दोरी उसवत राहिली.

रकिया फिरून त्याच्यासमोर जाऊन बसली. आईला पाहून तो हसला. तिने परत नाव घेतलं. त्याने हातातलं झाकण खाली ठेवलं आणि तिच्या हलणाऱ्या ओठांवर बोट टेकवलं.