अक्षताच्या सायकलची चेन

दिवाळीला घातलेल्या नव्या चेनची होळीच्या आतच वाट लागली, आणि सर्वेशच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"वहिनी लय लांब लांब जातात वाटतं," मुलुंडच्या नाक्यावरचा सायकलवाला धोंडिराम ढिली चेन बोटाने उचलत म्हणाला. "नायतर एवढ्यात कशी झिजेल?"

सर्वेशची बायको अक्षता दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दवाखाना असा जवळ की सायकलवर बसलं की पोचलंच. मग चेन झिजली कुठल्या रस्त्यावर? धोंडिराम नवी चेन काढायला लागला तसा सर्वेशने त्याला थांबवलं. बघू तर खरं, बाईसाहेब किती फिरतात!

त्या संध्याकाळी अक्षता उशिरा आली. तिच्या ओढणीवर काळा डाग होता.

"हे काय लागलं?"

"चेनचं ग्रीस. सारखी उतरते रे. बदलून घे ना यार."

कारणही कसं तयार! सर्वेशला जेवण गेलं नाही. एकदा संशयाने घर केलं की खरं बोलणंच जास्त खोटं वाटतं, आणि या गड्याला तर सगळंच खोटं वाटायला लागलं.

बुधवारी त्याने ऑफिसला दांडी मारली आणि रिक्षा करून तिच्या मागे निघाला. पुलाखाली ती थांबली, सायकलपाशी वाकली. सर्वेशचा फोन वाजला. तिचाच. आपण कुठे आहोत ते चाचपतेय, असं समजून त्याने तो वाजू दिला. मग एक स्कूटरवाला थांबला. दोघं पाठमोरी वाकून काहीतरी करत होती, आणि शेवटी ती चक्क हसली. सर्वेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तो सायकल घेऊन तडक धोंडिरामकडे गेला. "खरं सांग, किती चालली असेल ही?"

धोंडिरामने चेनवरचा काळा चिखल बोटावर घेतला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला खोबरेल कोणी फासलं?"

कोणी म्हणजे सर्वेशनेच. कुडाळहून आई पाठवते ते घाण्याचं तेल. केसांना तेच, दाराच्या बिजागरीला तेच, आणि बायकोच्या सायकलला दर रविवारी तेच, अगदी प्रेमाने.

"मेट्रोच्या कामाची सगळी धूळ चिकटली की हो त्याला. आतून कानस चालल्यागत खाल्लंय चेनला. मी उगाच वहिनींचं नाव घेतलं."

सर्वेशचा जीव भांड्यात पडला. नवी चेन घालून तो शीळ वाजवत घरी आला आणि अक्षताला सगळं हसत हसत सांगून टाकलं. धोंडिराम, खोबरेल, रिक्षा, पूल. केवढा येडा मी, नाही?

अक्षता भाजी चिरत होती. तिचा हात थांबला.

"बुधवारी तू तिथे होतास?"

"लांब होतो गं. रिक्षात."

"चेन अडकली होती. निघेचना. रडायला आलं होतं मला." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तू फोन उचलला नाहीस, तेव्हा मला वाटलं, बिचारा कामात असेल."