चढा सूर माझा होता

मी टेबलाखालचा काळा खोका. खरं तर मी संगणक, पण या घरात मला डबाच म्हणतात. "डबा लाव," "डबा बंद कर," "डब्यावर ओला टॉवेल कुणी टाकला?" मला राग येत नाही. माझ्या हातून जे झालं, त्यानंतर याहून वाईट नाव पडलं असतं तरी मी गपगुमान घेतलं असतं.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरलेल्या एका माणसाने माझे अवयव एकेक करून जोडले, बटण दाबलं, मी घरघरलो आणि तो जेवायला निघून गेला. माझं कौतुक तेवढंच. पुढे आठ वर्षं मी एका दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा सांभाळल्या. तिथे मी संगीत ऐकलं ते पलीकडच्या खोलीतल्या दात कोरणाऱ्या यंत्राचं.

डॉक्टरांनी नवा संगणक आणला, तेव्हा तिथे नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी मला भंगारात जाऊ दिलं नाही. स्कूटरवर पायांमध्ये ठेवून मला घरी आणलं, बरोबर दोन छोटे स्पीकरही. त्या बाई म्हणजे या घरातली आत्या. तिची भाची नववीत आहे. ती इतकी कमी आणि इतकी हळू बोलते की सगळे तिला मुंगी म्हणतात. मुंगीचे आईबाबा दिवसभर कामावर असतात. आणि आहेत आजोबा.

आजोबा पियानो सुरात लावतात. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. त्यांच्या कातडी पिशवीत किल्ल्या असतात, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे असतात आणि एक नादकाटा असतो. पोलादाचा, दोन पायांचा. गुडघ्यावर आपटला की तो एकच सूर देतो, आणि तो सूर कधी बदलत नाही.

घरातला सीडी-प्लेअर कायमचा झोपला आणि गाणी वाजवायचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी आजोबा माझ्यासमोर बसायचे. "पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं वाजतंय," असं म्हणायचे, पण उठायचे नाहीत. त्यांची आवडती सीडी पियानोची. संगीतशाळेच्या दालनात ती ध्वनिमुद्रित झाली होती, आणि तो पियानो त्यांनीच लावलेला होता. कव्हरवर सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत त्यांचं नाव आहे. ते कुणाला दाखवत नसत, पण कव्हर ठेवताना ती बाजू वर येईल असं ठेवत.

आता घोटाळा कसा झाला ते सांगतो.

आत्याचे गुडघे दुखू लागले, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी तिला वजन उतरवायला व्यायाम सांगितला. सकाळी आजोबा फिरायला गेले की ती माझ्यावर गाणी लावून हातपाय हलवायची. सहा गाणी झाली की व्यायाम संपला, असा तिचा हिशोब. चार दिवसांत तिला सहा गाणी जड झाली. मग तिने पडद्यावर वेगाची पट्टी शोधून काढली आणि शंभराचे एकशेतीन केले. गाणी लवकर संपली, व्यायामही लवकर संपला. आत्या खूश. पट्टी मागे आणायचं मात्र ती विसरली.

मीही तसाच राहिलो. मला एकदा सांगितलं की पुन्हा काही सांगेपर्यंत मी तेच करतो. आणि वेग वाढला की सूरही थोडासा चढतो. घरात कुणाला पत्ता लागला नाही. आजोबांना पहिल्याच संध्याकाळी लागला.

त्यांनी सीडी मध्येच थांबवली. नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. पुन्हा सीडी लावली, पुन्हा काटा. असं तीन संध्याकाळी चाललं. चौथ्या दिवशी ते आत्याला म्हणाले, "जुळत नाही गं."

"डबा जुना झालाय, बाबा."

"यंत्र कसं चुकेल? ते आकड्यांवर चालतं. काटा बदलत नाही. पियानो मी स्वतः लावला होता. मग उरलं कोण?"

"कोण?"

"मी," आजोबा म्हणाले.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. इतक्या विश्वासाने माझ्याकडे याआधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि तो विश्वास चुकीच्या जागी ठेवलेला होता.

संगीतशाळेत मुलांची परीक्षा जवळ आली होती. पियानो लावायला या, म्हणून तिथल्या बाईंचा फोन आला. आजोबा शांतपणे म्हणाले, "बाई, दुसरा माणूस बघा. माझा कान गेला." मग त्यांनी कातडी पिशवी कपाटाच्या वर, मागच्या बाजूला सरकवली. संध्याकाळी माझ्यासमोर येणंही बंद झालं.

मुंगी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिला वाटलं, माझ्या खराब आवाजानेच आजोबांचं मन उडालं. आवाज चांगला झाला तर ते परत येऊन बसतील. नवीन काही घेण्यासारखं तिच्याकडे नव्हतं. म्हणून तिने आहे त्यातच सुरुवात केली.

चित्रकलेच्या जाड ब्रशने तिने माझ्या पंख्यातली आठ वर्षांची धूळ काढली. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की विचारू नका. माझ्याखाली जुन्या योगाच्या चटईचा तुकडा घातला, त्यामुळे माझी घरघर जमिनीत उतरायची थांबली. स्पीकर भिंतीला चिकटून जमिनीवर पडले होते. ते तिने टेबलावर शब्दकोशाच्या दोन खंडांवर बसवले, कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे. "मोठे सभागृह" नावाची एक करामत दवाखान्यापासून माझ्यात चालू होती. त्या करामतीने सगळे आवाज घुमायचे. ती मुंगीने बंद केली. मैत्रिणीच्या भावाकडे काडेपेटीएवढी एक साउंड कार्डची डबी पडून होती. तीही मागून आणली. माझ्या पोटातली गुणगुण आवाजात मिसळायची, ती या डबीने बाहेरच ठेवली.

शेवटी आजोबांच्या सीडी. त्या पूर्वी जागा वाचवायला दाबून दाबून माझ्यात भरल्या होत्या. मुंगीने त्या काढून टाकल्या आणि पुन्हा भरल्या, काहीही न दाबता, जशाच्या तशा. आवाज असा उघडला की माझा मलाच ओळखू येईना. वाजवणाऱ्याची बोटं उचललेली ऐकू येत होती.

पण मुंगी सगळं तपासून बघणारी. सूर पूर्ण उतरलेत की मध्ये काही गळलंय, हे बघायला ती वही आणि मनगटी घड्याळ घेऊन बसली. कव्हरवर लिहिलं होतं सहा मिनिटं चाळीस सेकंद. घड्याळात बारा सेकंद कमी भरले. शेवटचा सूर तर नीट वाजला होता. तिने पुन्हा मोजलं. तेवढेच. थेट सीडी लावली. तेवढेच.

मग ती पडद्याला नाक लावून एकेक आकडा वाचू लागली. एकशेतीन.

पट्टी शंभरावर आणून ती खुर्चीवर चढली आणि कपाटावरची पिशवी काढली. आजोबा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. तिने नादकाटा त्यांच्या हातात दिला.

"काय गं मुंगे?"

"आजोबा, एकदा ऐका. एकदाच."

सीडी सुरू झाली. आजोबांनी काटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी नेला. एकदा, दोनदा. मग तो हात खाली आलाच नाही. सगळी सहा मिनिटं चाळीस सेकंद ते तसेच बसून राहिले.

"कान तुमचा बरोबर होता," मुंगी म्हणाली. "डबाच पळत होता." एका दमात तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आत्या स्वयंपाकघरातून आली. कारण समजल्यावर तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अगं बाई, ते माझं. व्यायाम लवकर संपावा म्हणून."

"म्हणजे तुझ्या गुडघ्यांसाठी माझा कान कापलास होय?" आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते, पण ओठ हसत होते. "वजन तरी उतरलं का?"

"अर्धा किलो."

"महाग पडलं."

त्यांनी लगेच संगीतशाळेला फोन केला. पियानो आदल्याच दिवशी दुसऱ्या माणसाने लावला होता. आजोबांनी नादकाटा पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "नुसता ऐकून गेलो तर चालेल का?" पिशवी घेतली, मुंगीला बरोबर घेतलं आणि गेले.

ते परत आले तेव्हा आत्याने विचारलं, "कसा लावलाय त्याने?"

"चांगला लावलाय. पोरगा शिकेल." त्यांनी पिशवी दाराजवळ खाली ठेवली. "वरचे तीन सूर तेवढे चढे होते. ते मी उतरवून आलो. बाई म्हणाल्या, पुढच्या परीक्षेला तुम्हीच या."

आता मी म्हातारा झालोय. माझ्याकडे गाण्यांशिवाय दुसरं काम नाही, आणि पंखा पुन्हा धूळ धरू लागलाय. वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. ऐकताना काही चुकतंय असं वाटलं, तर स्वतःवर शंका घेण्याआधी आमच्यासारख्यांचे आकडे एकदा तपासून बघा. आम्ही खोटं बोलत नाही, पण आमचं चुकलंय हे आम्हाला कळतही नाही.

आत्या आता आठ गाण्यांचा व्यायाम करते, शंभराच्या वेगाने. आजोबा शेजारी बसून गाणी मोजतात.